मोटारीची धूर-नलिका : माफक खर्चातील सुधारणा आणि उत्सर्जन नियम

खासगी मोटार ही आता शहरी मध्यमवर्गाची चैन राहिलेली नाही, ती त्याच्या दैनंदिन व्यवहाराचा भाग झाली आहे. मोटार जुनी होऊ लागली की तिची शक्ती वाढविण्यासाठी किंवा तिला नवी उमेद देण्यासाठी काही सुटे भाग बदलण्याकडे मालकाचा कल वाढतो. इंजिनातून बाहेर पडणारा वायू वाहून नेणारी नलिका, म्हणजेच ‘एक्झॉस्ट हेडर’, हा अशा बदलांतील सर्वांत लोकप्रिय भाग होय. या बदलाचा लाभ एका व्यक्तीला मिळतो. त्याची किंमत मात्र त्या रस्त्यावर श्वास घेणारे सर्वजण मोजतात. खासगी लाभ व सामाजिक खर्च यांतील ही तफावत म्हणजे अर्थशास्त्रातील ‘बाह्य परिणामां’चे उत्तम उदाहरण आहे.

पूर्व दिल्लीतील मयूर विहार ही वसाहत या प्रश्नाच्या अभ्यासासाठी बोलकी आहे. यमुनेच्या पूर्व तीरावर वसलेल्या या भागात दिल्ली विकास प्राधिकरणाची घरे व सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. एका बाजूला नॉइडाची, म्हणजे उत्तर प्रदेशाची हद्द, तर दुसऱ्या बाजूला मेरठकडे जाणारा महामार्ग आहे. पूर्व दिल्लीच्या वाहनांची नोंदणी करणारे, ‘डीएल-७’ या क्रमांकाने ओळखले जाणारे परिवहन कार्यालयही मयूर विहारच्याच नावाने ओळखले जाते. २००९ मध्ये येथे मेट्रो आली, तरीही वसाहतींच्या आवारातील मोटारींच्या रांगा कायम आहेत.

हेडर म्हणजे काय?

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणारा तप्त वायू एकत्र करणाऱ्या भागास ‘मॅनिफोल्ड’ म्हणतात. कारखान्यातून येणारा मॅनिफोल्ड बहुधा ओतीव लोखंडाचा, आखूड व टिकाऊ असतो. त्याऐवजी स्वतंत्र, लांब व समान लांबीच्या पोलादी नळ्या बसविल्या की त्यास हेडर म्हणतात. एका सिलिंडरमधून वेगाने बाहेर पडलेला वायू मागे कमी दाब निर्माण करतो आणि त्यामुळे पुढच्या सिलिंडरमधील वायू सहज ओढला जातो. इंजिनाला श्वास सोडणे सोपे जाते आणि वरच्या वेगात शक्ती थोडी वाढते.

तथापि ही वाढ छोट्या इंजिनांत मर्यादित असते आणि तीही उच्च फेऱ्यांवरच जाणवते. सिग्नलवरून सिग्नलकडे सरकणाऱ्या शहरी वाहतुकीत तिचा उपयोग नगण्य असतो. शर्यतीच्या मैदानावर जे तंत्र अर्थपूर्ण ठरते, ते अक्षरधाम चौकातील कोंडीत निरर्थक होते.

खरी अडचण पुढे आहे. आधुनिक मोटारींमध्ये ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर’ म्हणजे उत्प्रेरक परिवर्तक इंजिनाच्या अगदी जवळ, अनेकदा मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. त्यातील मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तो तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर करतो. हे काम सुमारे अडीचशे ते तीनशे अंश सेल्सियस तापमानानंतरच नीट सुरू होते. म्हणूनच तो इंजिनाजवळ ठेवलेला असतो. अशा मोटारीत हेडर बसविणे म्हणजे परिवर्तक काढून टाकणे किंवा त्यास दूर सरकविणे होय. दूर सरकविल्यास तो तापण्यास अधिक वेळ लागतो आणि सकाळच्या पहिल्या काही मिनिटांतील धूर जवळजवळ तसाच बाहेर पडतो. शहरी मोटारीच्या छोट्या फेऱ्यांमध्ये या पहिल्या मिनिटांचा वाटा मोठा असतो.

नियमांचा प्रवास

दिल्लीच्या हवेचा प्रश्न न्यायालयापुढे आला तो १९८५ साली दाखल झालेल्या एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेद्वारे. १९९५ पासून दिल्लीसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक अनिवार्य झाला. शिसे परिवर्तकातील धातूंना निकामी करते. म्हणून त्याच वेळी शिसेविरहित पेट्रोलही उपलब्ध करून देण्यात आले. पुढे दिल्लीत २००० मध्ये भारत स्टेज-२, २००५ मध्ये स्टेज-३, २०१० मध्ये स्टेज-४ हे टप्पे लागू झाले आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर स्टेज-६ आला. इंधनातील गंधकाचे प्रमाणही स्टेज-४ मध्ये दशलक्षांश ५० व स्टेज-६ मध्ये दशलक्षांश १० इतके खाली आले.

इंधन, इंजिन, परिवर्तक व प्राणवायू संवेदक ही एक साखळी आहे. त्यातील एक कडी मालकाने काढली, तर शुद्धीकरण कारखान्यांनी स्वच्छ इंधनावर केलेली प्रचंड गुंतवणूक त्या मोटारीपुरती वाया जाते.

एक साधा हिशेब पुरेसा आहे. स्टेज-४ च्या पेट्रोल मोटारीस नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला ०.०८ ग्रॅम आहे. वर्षाला १०,००० किलोमीटर धावणारी मोटार या मर्यादेत राहिल्यास वर्षभरात ८०० ग्रॅम उत्सर्जन होते. परिवर्तक नव्वद टक्के वायूंचे रूपांतर करतो असे धरल्यास, तो काढल्यावर हेच उत्सर्जन ८ किलोग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे एक मोटार दहा मोटारींइतका भार हवेवर टाकते. शेजारच्या नऊ कुटुंबांच्या नियम पाळणाऱ्या मोटारी मिळून जेवढे उत्सर्जन करतात, तेवढी भर एका कुटुंबाच्या हौसेपायी पडते.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नोंदविलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात या तरतुदीचा काटेकोर अर्थ स्पष्ट केला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने असा बेकायदा बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्हीची तरतूद आहे. हवा व आवाजाच्या प्रदूषणाची मानके मोडणारे वाहन चालविल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते; शिवाय चालकाचा परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र ठरतो.

‘पीयूसी’ प्रमाणपत्रासाठी स्टेज-४ पेट्रोल मोटारीत इंजिन मंद गतीने चालू असता कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के व हायड्रोकार्बन दशलक्षांश २०० यांपेक्षा अधिक असता कामा नये. स्टेज-२ व ३ साठी हीच मर्यादा ०.५ टक्के व दशलक्षांश ७५० आहे. परिवर्तक नसलेल्या मोटारीस स्टेज-४ ची मर्यादा प्रामाणिकपणे गाठणे फार कठीण आहे.

दिल्लीकरांसाठी यात आणखी एक गुंता आहे. पंधरा वर्षांपलीकडील पेट्रोल व दहा वर्षांपलीकडील डिझेल वाहनांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे सक्तीची कारवाई करण्यास मनाई केली. डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण स्टेज-४ व त्यापुढील वाहनांपुरते सीमित केले. याचा अर्थ, कारवाईची कसोटी वयाकडून उत्सर्जनाच्या टप्प्याकडे सरकू लागली आहे. २०१० किंवा २०११ मध्ये घेतलेली स्टेज-४ मोटार बाळगणाऱ्या निवृत्त कर्मचाऱ्यासाठी मूळ परिवर्तक शाबूत असणे ही आता केवळ नैतिक बाब नाही. मोटार पुढे रस्त्यावर ठेवण्याच्या त्याच्या दाव्याचा तोच आधार आहे.

माफक खर्चातील वैध मार्ग

मग जुन्या मोटारीत सुधारणा करूच नये काय? असे मुळीच नाही. मंदावलेल्या मोटारीचे कारण बहुधा नलिकेची रचना नसते, तर झीज असते. म्हणून खर्चाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवणे शहाणपणाचे ठरते.

पहिली पायरी निदानाची. मॅनिफोल्डला सूक्ष्म तडा किंवा गॅस्केटमध्ये गळती असल्यास बाहेरची हवा आत शिरते, संवेदक फसतो आणि इंजिन गरजेपेक्षा जास्त इंधन घेते. गॅस्केट बदलण्याचा खर्च नव्या हेडरच्या तुलनेत अल्प असतो.

दुसरी पायरी संवेदक, स्पार्क प्लग व एअर फिल्टर यांची. वर्षाला १०,००० किलोमीटर धावणारी, लिटरला १५ किलोमीटर देणारी मोटार सुमारे ६६७ लिटर पेट्रोल घेते. बिघडलेल्या संवेदकामुळे दहा टक्के इंधन वाया जात असल्यास, पेट्रोल लिटरला ९५ रुपये धरून, वर्षाला सुमारे ६,३०० रुपयांचे नुकसान होते. दुरुस्तीचा खर्च त्यातून लवकरच भरून निघतो. हेडरवरील खर्चास असा परतावा नसतो.

तिसरी पायरी परिवर्तकाची. तो खरोखर निकामी झाला असेल तर त्या मॉडेलसाठी मान्य असलेला भागच बसवावा. कश्मीरी गेटसारख्या सुट्या भागांच्या बाजारात दिसायला सारखे, पण मौल्यवान धातूंचा अंश अत्यल्प असलेले भाग स्वस्तात मिळू शकतात. ग्राहकाला बाहेरून हा फरक ओळखता येत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराच्या उदाहरणाने मांडलेला माहितीच्या विषमतेचा सिद्धांत येथे तंतोतंत लागू पडतो : गुणवत्ता ओळखता येत नसेल तर निकृष्ट माल चांगल्या मालास बाजारातून हुसकावून लावतो. यावर पक्की पावती, भागाचा क्रमांक व उत्पादकाची हमी हाच उपाय होय.

चौथा मार्ग इंधन बदलाचा. मान्यताप्राप्त सीएनजी संच अधिकृत केंद्रातून बसवून त्याची नोंद नोंदणीपत्रात करून घेता येते. अशा संचांना पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया यांसारख्या संस्था चाचणीअंती मान्यता देतात. बदल कायद्याच्या चौकटीत राहून करता येतो, याचा हा पुरावा आहे.

तपासणी व्यवस्थेतील उणिवा

सर्व दोष मालकावर टाकणे न्याय्य ठरणार नाही. पेट्रोल वाहनाच्या नेहमीच्या पीयूसी तपासणीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत, आणि मोटार प्रत्यक्ष धावत असतानाची स्थितीही तपासली जात नाही. दिल्लीतील वाहन प्रदूषणावरील महालेखापरीक्षकांच्या, एप्रिल २०२५ मध्ये विधानसभेत सादर झालेल्या अहवालात, उत्सर्जन मर्यादेबाहेर असूनही एक लाखांहून अधिक वाहनांना प्रमाणपत्रे दिल्याचे नमूद आहे. प्रमाणपत्र सहज मिळत असेल, तर नियम पाळणारा ग्राहक स्वतःस फसवला गेलेला समजतो आणि नियमपालनाची प्रेरणाच क्षीण होते.

मयूर विहारसारख्या सीमेवरील वसाहतीत ही उणीव अधिक जाणवते. नोंदणी दिल्लीची, गॅरेज नॉइडाचे आणि प्रवास दोन्हीकडचा, अशा स्थितीत एका राज्याचा कडकपणा दुसऱ्याच्या शिथिलतेने निष्प्रभ होतो. राजधानी क्षेत्रासाठी २०२१ च्या कायद्याने स्थापन झालेला हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोग याच कारणासाठी महत्त्वाचा आहे.

पुढील दिशा

या विवेचनातून तीन सूचना पुढे येतात. एक, पीयूसी केंद्रावर धुराच्या मोजमापाबरोबरच परिवर्तक जागेवर आहे की नाही याची दृश्य तपासणी व संगणकीय दोष-नोंदीचे वाचन सक्तीचे करावे. दोन, बदली परिवर्तकांवर मान्यता क्रमांक ठळकपणे कोरलेला असावा आणि तो ग्राहकास मोबाईलवर पडताळता यावा. तीन, केवळ मालकास दंड करण्याऐवजी बेकायदा भाग विकणाऱ्या व बसविणाऱ्या व्यावसायिकांवर कारवाईचा भर असावा. कारण हजारो मोटारी शोधण्यापेक्षा मोजक्या दुकानांवर लक्ष ठेवणे प्रशासनास कमी खर्चाचे आहे.

हवा ही कोणाच्याही मालकीची नसलेली, पण सर्वांच्या वापराची संपत्ती आहे. तिची किंमत बाजारात ठरत नाही, म्हणून ती फुकट आहे असा समज होतो. प्रत्यक्षात ही किंमत दिल्लीच्या हिवाळ्यात लहान मुले व वृद्ध दवाखान्यांच्या बिलांच्या रूपाने चुकती करीत असतात. मोटारीवर खर्च करावयाचा असेल, तर तो तिची मूळ यंत्रणा सुस्थितीत राखण्यावर करणे हे मालकाच्या खिशास परवडणारे आहे आणि समाजाच्याही हिताचे आहे.