गेराल्टची दारू

मी गेराल्टची दारू विकली, इथूनच सगळं बिघडलं. ‘द विचर ३’ नुकताच सुरू केला होता. व्हाइट ऑर्चर्ड गावाच्या खानावळीत शिरलो तेव्हा पिशवीत ड्वार्व्हन स्पिरिटच्या तीन बाटल्या होत्या आणि खिशात जवळजवळ काही नाही. राक्षस मारायला निघालेल्या माणसाला दारू हवी कशाला, असा सात्त्विक विचार केला आणि तिन्ही विकून टाकल्या. त्या रात्री ग्रिफिन नावाच्या राक्षसाने मला अकरा वेळा लोळवलं.

हा खेळ २०१५ साली पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने काढला. गेराल्ट हा त्यातला विचर, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा. त्याची हेल्थ भरून काढणाऱ्या काढ्याचं नाव स्वॅलो. पाच सेलंडाइन, ड्राउनर नावाच्या पाणभुताचा एक मेंदू आणि एक ड्वार्व्हन स्पिरिट घातलं की तयार. ‘स्वॅलो’ म्हणजे ‘गिळा’ अशी सूचना असावी, असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो स्वॅलो पक्षी, आपली भिंगरी. सेलंडाइन ही युरोपातली खरीखुरी वनस्पती आहे. पिवळं फूल, देठ मोडला की नारिंगी चीक. तिचं नाव ग्रीक भाषेतल्या भिंगरीच्या शब्दावरूनच आलंय, आणि पोलिश लोकही तिला भिंगरीची वनस्पती म्हणतात. खेळ लिहिणाऱ्यांनी हे बरोबर हेरलंय. खरी सेलंडाइन विषारी असते, तेव्हा प्रयोग खेळापुरताच ठेवा.

तर चूक अशी. काढा एकदा केला की तीन घोट मिळतात. ते संपले की पुन्हा पाच फुलं, पुन्हा मेंदू, असं समजून मी दोन संध्याकाळी नदीकाठी पाणभुतं मारत हिंडलो. शेवटी मामेभावाला फोन केला. तो म्हणाला, “दादा, काढा एकदाच करायचा असतो रे! नंतर नुसतं मेडिटेट कर, बाटल्या आपोआप भरतात. फक्त जवळ कडक दारू पाहिजे.” मी गप्प. “विकलीस ना?” त्याने विचारलं, आणि पुढची दोन मिनिटं तो नुसता हसत होता.

म्हणून अल्कोहेस्ट किंवा ड्वार्व्हन स्पिरिट अशी कडक दारू दिसेल तिथून उचला, विकू नका. दारूच्या एका बाटलीत सगळे काढे पुन्हा भरतात. बिअर चालत नाही, ती खुशाल विका. मी शेखी मिरवायला तिसरी, ‘ब्लड अँड ब्रोकन बोन्स’ ही अवघड पातळी घेतली होती. तिथे मेडिटेट करून हेल्थ भरत नाही, त्यामुळे सगळा भार या काढ्यावर आणि भाकरतुकड्यावर येतो.

दुसरी खोड जायला जास्त वेळ लागला. हेल्थ तळाला गेली की मी स्वॅलो प्यायचो. पण साधा स्वॅलो हेल्थ एका झटक्यात भरत नाही; वीस सेकंद हळूहळू चढवतो, आणि ग्रिफिनला तेवढा धीर नसतो. अर्धी हेल्थ असतानाच प्या, पिऊन जरा लांब पळा. घाबरून घोटामागून घोट घेऊ नका. प्रत्येक घोटाची वीस टॉक्सिसिटी चढते, त्यात दुसरे काढे मिसळले की औषधच हेल्थ खायला लागतं. व्हाइट हनी नावाचा काढा ते विष उतरवतो खरं, पण चालू काढ्यांचा गुणही त्याबरोबर जातो.

एक गोष्ट मात्र कुठल्या युक्तीत बसत नाही. व्हाइट ऑर्चर्डमध्येच टोमिरा नावाच्या वैदूबाईच्या झोपडीत लेना नावाची मुलगी पडलेली असते, ग्रिफिनने फाडलेली. तिला स्वॅलो देता येतो. विचरांचे काढे साध्या माणसाला झेपत नाहीत, हे खेळ तोंडावर सांगतो. माझ्या पहिल्या काढ्यातला घोट मी तिला दिला आणि पुण्य केल्याच्या आनंदात पुढे गेलो. कित्येक तासांनी निल्फगार्डच्या सैन्याच्या छावणीत तिचा प्रियकर भेटला. लेना जगली होती, पण भान हरपलेली, त्यालाही न ओळखणारी.

ग्रिफिनसाठी अकरा वेळा जुन्या सेव्हवर मागे गेलो होतो. इथेही जायला हात उचलला, तर त्या वेळचा सेव्ह मी केव्हाच पुसून टाकलेला होता.