आईचा बांधा आणि स्तनाचा कॅन्सर

तायांनो, बैठकीत कर्जाचा हिशोब संपला की कुणीतरी हळूच विचारतं, "आमच्या घरात सगळ्याच बायका जाड. मग कॅन्सरपण घराण्यातूनच येणार का?"

बांधा घराण्यातून येतो, हे खरं. आईवडिलांकडून आपल्याला ज्या सूचना मिळतात त्यांना जनुकं म्हणतात. वजनाशी जोडलेलं 'एफटीओ' हे जनुक २००७ साली लक्षात आलं. त्याचा वजन वाढवणारा प्रकार आई आणि वडील दोघांकडून आला, तरी युरोपातल्या पाहणीत वजनात सरासरी तीनच किलोचा फरक दिसला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, की आपल्याकडे हाच प्रकार मधुमेहाशीही जोडलेला आहे. पण अंगाला हालचाल असेल तर त्याचा जोर साधारण पाव हिश्शाने कमी होतो.

कॅन्सरची जनुकं वेगळी. 'बीआरसीए-१' आणि 'बीआरसीए-२' ही त्यातली मुख्य. ती जाड-बारीक बघत नाहीत, आणि वडिलांकडूनही येतात. तरी स्तनाच्या शंभर कॅन्सरपैकी जेमतेम पाच ते दहाच असे घराण्यातून आलेले असतात.

मग वजनाचा संबंध कुठे? पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवायचं जवळजवळ थांबवतं, पण अंगातली चरबी ते बनवतच राहते. काही गाठी त्याच्यावरच पोसतात. म्हणून चाळिशी-पन्नाशीनंतर पोटावर चढलेलं वजन धोका वाढवतं. नुसती जाड घराण्यात जन्मली म्हणून नाही. वजनाची जनुकं असलेल्या बायकांत हा कॅन्सर जास्त होतो, असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि बारीक बाईनेही निर्धास्त राहू नये, तिलाही होतो.

आपल्या जोहे-हमरापूरकडे गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाला तासन्‌तास बसावं लागतं, वर चहा आणि खारी. तासाभराने उठून चार पावलं चाला, मालक काही बोलणार नाही. मला जास्त काळजी वाटते ती "गणपती झाले की दाखवू" या वाक्याची. स्तनातली गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून बाई सीझन काढते. तेवढ्यात ती वाढते.

टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांची प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली. मशीन नाही, सुई नाही. २०२१ साली निकाल आला: तपासणी झालेल्या पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी.

आशाताई तिशीपुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरतात. त्यात कमरेचं माप आहे (८० सेंटिमीटरच्या वर गेलं की गुण लागतो), आणि स्तनात गाठ आहे का, बोंडीतून रक्त येतं का, आकार बदलला का, हेही विचारतात. लाजून "नाही" सांगू नका. घराण्याबद्दल मात्र फॉर्ममध्ये बीपी, साखर आणि हृदयविकारच विचारतात. आई, बहीण, मावशी किंवा आत्याला पन्नाशीच्या आत स्तनाचा, किंवा कधीही अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर ते आपणहून सांगा. अशा घरांसाठी टाटामध्ये कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे.

पुढच्या बैठकीला मी मापाची टेप आणणार आहे. आधी माझीच कंबर मोजू.