सातासमुद्रापलीकडचा अर्ज

(अमेरिकेतील काही विद्यापीठे जगभर नावाजलेली आहेत. तेथे प्रवेश मिळवण्यासाठी परदेशातील विद्यार्थ्यांना कसा अर्ज करावा लागतो, त्या अर्जात काय लिहावे लागते आणि खर्चाचा प्रश्न कसा सोडवता येतो, याची माहिती या पाठात दिली आहे.)

इ. स. १८८३ मधील गोष्ट. आनंदीबाई जोशी या अठरा वर्षांच्या महाराष्ट्रीय तरुणी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या. त्यांना डॉक्टर व्हायचे होते. फिलाडेल्फिया शहरात स्त्रियांसाठी एक वैद्यकीय महाविद्यालय होते. तेथे प्रवेश मिळावा म्हणून आनंदीबाईंनी एक पत्र लिहिले. आपले शिक्षण किती झाले आहे, आपल्याला कोणत्या भाषा येतात, हे त्यांनी त्या पत्रात कळवले. प्रवेशाच्या सर्व अटी कदाचित आपण पूर्ण करत नसू, हेही त्यांनी लपवले नाही. आपल्या देशातील स्त्रिया आजारी पडल्या तरी पुरुष डॉक्टरांकडे जात नाहीत, त्यांच्यासाठी आपल्याला हे शिक्षण हवे आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या.

आनंदीबाईंच्या काळानंतर अर्जाची पद्धत पुष्कळ बदलली. पत्राऐवजी आता संगणकावरून अर्ज भरतात. परंतु एक गोष्ट फारशी बदललेली नाही. 'तू कोण आहेस आणि तुला का शिकायचे आहे?' हा प्रश्न तेथील विद्यापीठे आजही विचारतात.

आपल्याकडे प्रवेश बहुधा परीक्षेतील गुणांवर मिळतो. गुणवत्ता यादी लागते. यादीत नाव असले, की प्रवेश पक्का. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी यांसारख्या अमेरिकन विद्यापीठांत तसे नसते. तेथे जागा थोड्या आणि अर्ज फार. २०२४ साली सुरू झालेल्या वर्षासाठी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले होते. त्यांपैकी फक्त १,९३७ विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ केला गेला. म्हणजे शंभरांतील चार जणांनाही नाही! अर्ज करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना उत्तम गुण असतात. मग निवड कशी करायची? म्हणून प्रवेश समिती गुणांबरोबर विद्यार्थ्याचा संपूर्ण अर्ज वाचते. त्याची शाळा कशी आहे, तेथे कोणत्या सोयी आहेत, घरची परिस्थिती कशी आहे आणि मिळालेल्या संधीचा त्याने काय उपयोग केला, हे समिती पाहते.

या अर्जाचे मुख्य भाग कोणते, ते आता पाहू.

पहिला भाग शाळेतील प्रगतीचा. नववी ते बारावी या चारही वर्षांचे गुण कळवावे लागतात. तुमच्यापैकी अनेकांना वाटेल, की अमेरिकेचा विचार बारावीनंतर करू. पण त्या अर्जाचे पहिले पान नववीतच लिहिले जाते! गुणपत्रिका इंग्रजीत नसेल, तर तिचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते.

दुसरा भाग परीक्षांचा. 'सॅट' नावाची परीक्षा १६०० गुणांची असते. तिच्यात वाचन-लेखन आणि गणित असे दोन विभाग असतात. अमेरिकेबाहेर २०२३ पासून ती संगणकावर घेतली जाते. एमआयटी, हार्वर्ड, डार्टमथ यांनी मधल्या काळात ही परीक्षा सक्तीची ठेवली नव्हती. नंतर ती पुन्हा आवश्यक केली. काही विद्यापीठे मात्र ती मागत नाहीत. म्हणून प्रत्येक विद्यापीठाचा नियम वेगळा वाचावा. ज्यांचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेले नाही, त्यांना बहुतेक ठिकाणी 'टोफेल'सारखी इंग्रजीची परीक्षाही द्यावी लागते. सॅटच्या सरावासाठी महागडी शिकवणी लावलीच पाहिजे असे नाही. खान अकॅडमीच्या संकेतस्थळावर तिचा सराव विनामूल्य करता येतो.

तिसरा भाग शिफारसपत्रांचा. तुम्हांला शिकवणारे शिक्षक तुमच्याविषयी लिहितात. बहुतेक नामवंत विद्यापीठे दोन शिक्षकांची पत्रे मागतात. शिवाय शाळेच्या वतीने एक पत्र आणि शाळेची माहिती पाठवावी लागते. 'विद्यार्थी हुशार व नम्र आहे' एवढे लिहून काम भागत नाही. विद्यार्थी वर्गात कोणते प्रश्न विचारतो, अवघड गणित सुटले नाही तर काय करतो, इतरांना कशी मदत करतो, असे प्रत्यक्ष पाहिलेले शिक्षकांनी लिहावे, अशी अपेक्षा असते.

चौथा भाग शाळेबाहेरच्या कामांचा. अमेरिकेतील एक हजारांहून अधिक महाविद्यालये व विद्यापीठे 'कॉमन ॲप्लिकेशन' नावाचा एकच अर्ज स्वीकारतात. त्यात विद्यार्थ्याला आपली दहापर्यंत कामे नोंदवता येतात. खेळ, वक्तृत्व, नाटक ही कामे तर आलीच. पण त्या यादीत मोबदला घेऊन केलेले काम आणि घरची जबाबदारी यांनाही जागा आहे. पुष्कळ विद्यार्थ्यांना हे ठाऊक नसते. समजा, भिवंडीतील एखादा मुलगा शाळा सुटल्यावर यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहितो. मालेगावातील एखादी मुलगी लहान भावंडांचा अभ्यास घेते आणि सरकारी कचेरीतून आलेले मराठी पत्र आजीला उर्दूत समजावून सांगते. 'आम्ही काही विशेष करत नाही,' असे या दोघांना वाटेल. पण जबाबदारी घेणे, वेळ पाळणे, एका भाषेतील मजकूर दुसऱ्या भाषेत सांगणे, हे सारे विशेषच आहे. ते अर्जात लिहिले पाहिजे.

पाचवा भाग निबंधाचा. कॉमन ॲप्लिकेशनमधील निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो. काही विद्यापीठे आणखी छोटे प्रश्नही विचारतात. या निबंधात पाठ केलेली सुभाषिते आणि मोठमोठे शब्द उपयोगी पडत नाहीत. स्वतःचा अनुभव, स्वतःचा विचार, स्वतःच्या शब्दांत लिहायचा असतो. येथेच अनेकांची फसगत होते. 'पैसे द्या, आम्ही निबंध लिहून देतो, प्रवेशाची हमी देतो,' असे सांगणारे लोक भेटतात. कोणीही अशी हमी देऊ शकत नाही. अर्जाच्या शेवटी 'हे लेखन माझे स्वतःचे आहे' असे विद्यार्थी लिहून देतो. दुसऱ्याने लिहिलेला किंवा संगणकाकडून लिहवून घेतलेला निबंध स्वतःचा म्हणून देणे ही फसवणूक ठरते. तिच्यामुळे मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. शिक्षकांकडून शुद्धलेखन तपासून घेण्यास हरकत नाही. परंतु सांगायचे ते आपणच सांगावे.

आता सर्वांत अवघड प्रश्न खर्चाचा. या विद्यापीठांत शिक्षण, निवास व भोजन यांचा वर्षाचा खर्च ऐंशी हजार डॉलरांच्या वर जातो. सामान्य घरातील माणूस हा आकडा ऐकूनच अर्जाचा विचार सोडून देईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर. त्या बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांना करावा लागला होता. आज काही विद्यापीठे स्वतःच विद्यार्थ्याचा भार उचलतात.

मात्र येथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ यांसारख्या मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देताना त्याच्या घरची ऐपत पाहत नाहीत. एकदा निवड झाली, की कुटुंबाचे उत्पन्न तपासतात आणि कमी पडणारी रक्कम मदत म्हणून देतात. या मदतीचा मोठा भाग अनुदान असतो. ते परत फेडावे लागत नाही. बाकीच्या पुष्कळ संस्था मात्र परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली, तर निवड करतानाच त्याचा विचार करतात. मदतीचा निधी अपुरा असेल, तर चांगल्या विद्यार्थ्यालाही नकार मिळतो. काही संस्था प्रवेश देतात, पण पुरेशी मदत देत नाहीत. अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून मिळणारी शिक्षणमदत सामान्यतः परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. म्हणून अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक संस्थेला हा प्रश्न विचारावा. घर किंवा शेत गहाण टाकण्याची वेळ आल्यावर विचारून उपयोग नाही. अर्जाची फी भरणे शक्य नसेल, तर ती माफ करण्याची विनंतीही करता येते.

वेळापत्रकही ध्यानात ठेवावे. तेथील शैक्षणिक वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते. त्याच्या आदल्या वर्षी १ ऑगस्टला कॉमन ॲप्लिकेशनचा नवा अर्ज खुला होतो. लवकर अर्ज करणाऱ्यांची मुदत बहुधा नोव्हेंबरच्या आरंभी, तर इतरांची जानेवारीच्या आरंभी संपते. लवकर अर्ज करण्याचा एक प्रकार बंधनकारक असतो. त्यात निवड झाल्यास त्याच संस्थेत जावे लागते. ज्याला इतर ठिकाणच्या मदतीची तुलना करायची आहे, त्याने असा अर्ज विचारपूर्वक करावा. नेहमीच्या अर्जांचा निकाल मार्चअखेर लागतो आणि विद्यार्थ्याला बहुधा १ मेपर्यंत होकार कळवावा लागतो. त्यानंतर विद्यापीठ 'आय-२०' नावाचे कागदपत्र पाठवते. ते मिळाल्यावर विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करतो. व्हिसाचे नियम बदलत असतात. त्यामुळे ऐकीव माहितीवर विसंबू नये.

एवढे सगळे करूनही नकार येऊ शकतो. नकार आला म्हणजे विद्यार्थी कमी पडला, असे मुळीच नाही. पन्नास हजारांहून अधिक मुलांना जेथे 'नाही' असे उत्तर मिळते, तेथे हुशार मुलेही असणारच. म्हणून आपल्या देशातील चांगल्या संस्थांतही अर्ज करावा. एकाच दारापाशी बसून राहू नये.

मुलांमुलींनो, तुमच्यापैकी सगळेच अमेरिकेला जातील असे नाही. जायलाच हवे असेही नाही. परंतु या अर्जासाठी जी तयारी लागते, ती कोठेही वाया जात नाही. रोज थोडे इंग्रजी वाचा. उर्दूत आणि मराठीत आपला अनुभव लिहून पाहा. शिक्षकांना न घाबरता प्रश्न विचारा. जे काम हाती घ्याल, ते शेवटपर्यंत न्या. मग उद्या 'तू कोण आहेस?' असा प्रश्न कोणी विचारला, तर उत्तर दुसऱ्याकडून लिहवून घ्यावे लागणार नाही.

शब्दार्थ

नामवंत – प्रसिद्ध, मशहूर
गुणवत्ता यादी – गुणांच्या क्रमाने लावलेली नावांची यादी
शिफारसपत्र – सिफारिशी खत
मोबदला – कामाबद्दल मिळणारे पैसे, मुआवजा
फसगत होणे – फसले जाणे
शिष्यवृत्ती – वजीफा
ऐपत – पैसे खर्च करण्याची शक्ती, हैसियत
अनुदान – परत न करण्याची मदत
गहाण टाकणे – कर्जासाठी वस्तू तारण ठेवणे, गिरवी रखना
विसंबणे – अवलंबून राहणे, भरोसा करना

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) आनंदीबाई जोशी अमेरिकेला कशासाठी गेल्या?
(२) अर्जात कोणत्या इयत्तांचे गुण कळवावे लागतात?
(३) कॉमन ॲप्लिकेशनमधील निबंध जास्तीत जास्त किती शब्दांचा असतो?
(४) डॉ. आंबेडकरांना कोणाची शिष्यवृत्ती मिळाली होती?

प्र. २. कारणे लिहा.
(१) फक्त उत्तम गुण असले तरी नामवंत विद्यापीठात प्रवेश मिळेलच असे नाही.
(२) दुसऱ्याकडून निबंध लिहवून घेऊ नये.
(३) अर्ज करण्यापूर्वी आर्थिक मदतीची चौकशी करावी.

प्र. ३. रिकाम्या जागा भरा.
(१) सॅट परीक्षा ........ गुणांची असते.
(२) अमेरिकेतील शैक्षणिक वर्ष ........ मध्ये सुरू होते.
(३) प्रवेश पक्का झाल्यावर विद्यापीठ ........ नावाचे कागदपत्र पाठवते.

प्र. ४. भाषाभ्यास.
(१) अर्ज, मुदत, खर्च, जबाबदारी, शिफारस हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
(२) उर्दूत 'दाखिला' म्हणजे प्रवेश. मराठीत 'दाखला' म्हणजे प्रमाणपत्र किंवा उदाहरण. 'प्रवेश' आणि 'दाखला' हे दोन्ही शब्द वापरून एक वाक्य लिहा.

प्र. ५. लेखन.
घरी किंवा शाळेबाहेर तुम्ही करत असलेल्या एका कामाविषयी दहा ओळी लिहा. ते काम तुम्ही का करता आणि त्यातून काय शिकलात, तेही लिहा.