फोन आला नाही म्हणून

सातारा,
शनिवार

चि. सौ. छकुलीस,


परवा तुझा फोन आला. बोलता बोलता तू मध्येच गप्प झालीस आणि मग एकदम कोथिंबिरीच्या भावावर गेलीस, तेव्हाच मी ओळखलं. जावईबापूंचा आठवडाभर फोन नाही, हे मला तुझ्या आईकडून कळायला हवं होतं का? असो. फोनवर धीर द्यायला गेलं की दोघींचेही डोळे भरतात आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहिते. शिक्षिकेची नोकरी केलेली बाई आहे मी, लांबण लागणारच. रात्री निवांत वाच.

आधी ते कुठं आहेत ते नीट समजून घे. १३ एप्रिल १९८४ ला आपलं सैन्य सियाचिनवर चढलं, तेव्हापासून तिथं बारा महिने माणूस उभा आहे. चौक्या अठरा-वीस हजार फुटांवर. बेस कॅम्पला पोचलं की लगेच वर धाडत नाहीत. आधी विरळ हवा अंगवळणी पडेपर्यंत थांबवतात, मग बर्फावर चालायचं, दोरानं चढायचं, भेगेत पडलेल्याला वर काढायचं शिक्षण. त्यानंतर कमरेला एकच दोर बांधून एकामागे एक चालत निघायचं, तेही बहुधा रात्री नाहीतर भल्या पहाटे, कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो. लांबच्या चौकीला पोचायला कित्येक दिवस लागतात. या चालण्यात फोन कुठला करणार? वर पोचल्यावर थंडीनं बॅटरी बसते. हवा बिघडली की हेलिकॉप्टर येत नाही आणि खाली येणारा माणूसही अडकून पडतो. कधी वरून हुकूम येतो आणि सगळ्या तुकडीचेच फोन बंद होतात. फोन न येण्याची ही सगळी कारणं मी तुला एका दमात सांगितली, आणि त्यात काळजी करण्यासारखं एकही नाही.

तू म्हणशील, आता तर तिथं इंटरनेट गेलंय. गेलंय खरं. २०२२ पासून उपग्रहावरून जोडणी आहे आणि पुढं मोबाईल कंपनीही पोचली. पण मला विचारशील तर तुम्हा पोरींचं त्यामुळंच जास्त अवघड झालंय. आम्हाला पंधरा दिवसांनी पत्र यायचं, मग पंधरा दिवस आम्ही कामाला लागलेल्या असायचो. तुम्हाला रोज रात्री तोंड बघायची सवय, त्यामुळं चार दिवस स्क्रीन कोरी राहिली की जीव थाऱ्यावर राहत नाही. जावईबापू पठाणकोटला होते तेव्हाचं माप सियाचिनला लावू नकोस.

आणखी एक. नोव्हेंबर २००३ पासून त्या हिमनदीवर गोळीबार बंद आहे. तिथं लढाई आहे ती थंडीशी, हवेशी आणि हिमकड्यांशी. ती हलकी आहे असं मी म्हणत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम चौकीवर कडा कोसळून दहा जण गाडले गेले, त्यात एक आपल्याच जिल्ह्यातला, माण तालुक्यातला होता, हे तुला ठाऊक असणारच. ती गोष्ट मी मुद्दाम काढतेय. दुसऱ्याच दिवशी सगळे गेले असं जाहीर झालं, श्रद्धांजल्याही वाहून झाल्या. आणि सहाव्या दिवशी बर्फाच्या पोटातून लान्सनायक हणमंतप्पा जिवंत निघाले. पुढं दिल्लीच्या इस्पितळात ११ तारखेला ते गेले, ते दुःख वेगळं. पण त्या मधल्या दिवसांत त्यांच्या घरच्यांनी काय सोसलं असेल, ते मनात आण. टीव्हीवाल्याला काय, त्याला पट्टी चालवायची असते.

म्हणून सांगते, तुला कळायची वाट एकच. काही बरंवाईट झालं तर युनिटकडून कळतं, माणसं घरी येतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ते येत नाही. 'लडाखमध्ये हिमस्खलन' असं कुणी पुढं ढकललं तर उघडू नकोस. आणि ती तुझी चुलत नणंद तासातासाला बातम्या सांगायला येते ना, तिला चहा दे आणि भाजी निवडायला बसव.

१९९९ साली कारगिलच्या वेळी तुझे काका वर होते. नेमके कुठं, ते आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. पत्त्यात गावाचं नाव नसायचंच. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली '५६ एपीओ' हा लष्करी पोस्टाचा आकडा, बस्स. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच लढाई घराघरांतल्या टीव्हीवर दिसत होती. आमच्या गल्लीत संध्याकाळी बातम्यांना पन्नास माणसं जमायची आणि बातम्या संपल्या की सगळ्या माना माझ्याकडं वळायच्या. चार दिवस मी ते सहन केलं आणि नंतर बातम्यांच्या वेळेला मुलांना घेऊन शेतावर जायला लागले. लोक म्हणाले, बाई कठीण काळजाची आहे. म्हणू देत. २६ जुलैला लढाई संपल्यावर कितीतरी दिवसांनी एकदम चार पत्रं आली, तीही मागची पुढं आणि पुढची मागं. पण आम्ही पत्रांवर कोपऱ्यात आकडे घालत असू, त्यामुळं लावून वाचता आली. सतरावं मिळालं, सोळावं आलंच नाही. त्या सोळाव्यात काय होतं, ते आजही ह्यांना आठवत नाही. तुम्हीही मेसेजवर आकडा घालत जा. जोडणी आली की धबाधबा येतात आणि कुठला राग कुठल्या दिवसाचा ते समजेनासं होतं.

आपण कधी कधी फार कुरकुरतो असं मला अपशिंग्याला गेले की वाटतं. अपशिंगे मिलिटरी, नावातच मिलिटरी असलेलं गाव. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण पडले, त्यांचं स्मारक इंग्रजांनी बांधलेलं आहे. त्या युद्धात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अडकल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये उपाशीपोटी शरण गेल्या. घरच्या बायकांना अक्षरओळख नाही. पत्र आलं तर कुणा शिकलेल्यानं चारचौघांत वाचून दाखवायचं आणि उत्तरही त्याच्याच हातून लिहून घ्यायचं. नवऱ्याला जे सांगायचं ते सासऱ्यासमोर, दिरासमोर, पाटलासमोर सांगायचं! म्हणजे 'घरी सर्व क्षेम आहे, म्हैस व्याली' यापलीकडं काय जात असेल? तुझ्या हातात तुझा फोन आहे आणि खोलीला कडी आहे. तेवढ्याचा उपयोग कर.

आता मुद्द्यावर येते. फोन येतो तेव्हा त्या पाच-सात मिनिटांचं तुमच्या घरी काय होतं, ते मी दिवाळीत डोळ्यांनी बघितलंय. फोन वाजला की विहीणबाई हातातलं टाकून धावतात. 'जेवलास का? काय जेवलास? थंडी हाय का?' सियाचिनला थंडी आहे का हे विचारण्यात दोन मिनिटं. मग मामंजी हवापाणी विचारतात. मग दीर मोटारीच्या हप्त्याचं काढतो. फोन तुझ्या हाती येतो तेव्हा 'हॅलो, हॅलो' सुरू झालेलं असतं, आणि तू पदरानं डोळे पुसत स्वयंपाकघरात जातेस. यावर रुसून भागणार नाही. आईला लेकाचा आवाज ऐकायचाच असतो, तो तिचा हक्क आहे. जावईबापूंनाच सांग, की एक फोन आईच्या फोनवर करायचा आणि पुढचा तुझ्या. उघड सांगून ठरव, चोरून करू नकोस. चोरून केलेला फोन घरात कळतोच आणि मग महिनाभर भांडी आपटतात.

आणि ते नुसतं 'हं, हं' करतात, तुटक बोलतात, म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. इतक्या उंचीवर झोप लागत नाही, अन्नावरची वासना जाते, दोन वाक्यं बोलली की दम लागतो, आठवणही दगा देते. मागच्या वेळी सांगितलेलं तू पुन्हा सांगितलंस तरी त्यांना नवं वाटेल. लग्नाचा वाढदिवस विसरले तर आता सोडून दे. खाली उतरल्यावर वसूल कर.

काय सांगायचं आणि काय लपवायचं, यावर तुला घरोघरी एकच सल्ला मिळेल: फौजीला घरची काळजी सांगायची नाही, हसून बोलायचं. मला हे साफ पटत नाही. मी अशा बायका बघितल्यात, ज्यांनी वर्षानुवर्षं सगळं गिळलं. मुलाचा हात मोडला, सांगितलं नाही. सासऱ्यांचं ऑपरेशन झालं, सांगितलं नाही. मग माणूस सुट्टीवर येतो आणि आपल्याच घरात पाहुणा होतो. कुठल्या मुलाला दूध चालत नाही हेही त्याला माहीत नसतं. पुन्हा या गोष्टी लपत कुठं? गावातला दुसरा कुणीतरी त्याच युनिटमध्ये असतोच, त्याच्या बायकोकडून त्याला आणि त्याच्याकडून आपल्या माणसाला कळतंच. मग बर्फात बसून तो विचार करतो, हिनं आणखी काय लपवलं असेल? खरी काळजी तिथं सुरू होते.

मी काय करत असे, ते सांगते. निस्तरलेली अडचण निस्तरल्यासकट सांगायची: बाबांना ताप होता, सिव्हिलमध्ये दाखवलं, आता पेज घेताहेत. चालू असलेली अडचण सांगायची ती आपण काय करतोय त्यासकट. आणि ज्यात त्यांचं मत हवंय अशी एक तरी गोष्ट प्रत्येक वेळी विचारायची. विहिरीवरची मोटर दुरुस्त करायची की नवी घ्यायची? मुलीला कुठल्या शाळेत घालायचं? उत्तर यायला महिना लागला तरी ते थांबवून ठेवायचं. लांबच्या माणसाला आपण घरात लागतो, हे असं कळतं. नुसत्या 'तुमची फार आठवण येते'नं त्याच्या पोटात कालवतं आणि हाती काही लागत नाही. आठवण येते हेही सांगावं, सांगू नये असं नाही. पण त्यावर फोन ठेवू नये.

एक गोष्ट मात्र जन्मात करू नकोस. पूर्वी तारेच्या दिवसांत सुट्टी मिळावी म्हणून 'आई सीरियस, ताबडतोब या' अशी खोटी तार ठोकायची गावोगाव रीत होती. युनिटमधले साहेब त्याला इतके सरावले की खरी आई अंथरुणाला खिळली तरी आधी चौकशी व्हायची. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली, खोटेपणा मोबाईलवर आला. चौकीवरून एक माणूस खाली आणायचा तर दुसऱ्याला वर चढावं लागतं, तेव्हा कारण खरंच असलं पाहिजे. आणि खरं असलं तर लाजू नकोस. युनिटची रिअर पार्टी, म्हणजे मागं ठेवलेली माणसं, असते, तिथल्या सुभेदार साहेबांचा नंबर जावईबापूंनी दिलाय ना? नसला तर पुढच्या फोनला पहिलं काम ते.

कागदांचं थोडक्यात. लग्नाची नोंद पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे लष्कराच्या दप्तरी, चढली का ते विचार, ती नसेल तर तू कागदोपत्री त्यांची कुणीच नाहीस. विम्यावर वारस म्हणून अजून आईचं नाव आहे का, तेही बघ, पण विहीणबाईंसमोर नको. बांधाच्या भांडणात भाऊबंदांनी कोर्टाची भीती घातली तर घाबरू नकोस. नोकरीवरचा सैनिक हजर राहू शकत नाही म्हणून त्याच्या माघारी निकाल लागू नये, यासाठी १९२५ पासून कायदा आहे. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज दे, मी बरोबर येईन.

स्टेटसचं राहिलं. 'माझे अहो लडाखला' आणि खाली बर्फातला फोटो, तो आजच्या आज काढून टाक. २०२० मध्ये लष्करानं जवानांना फोनमधली ८९ ॲप काढायला लावली, ती उगाच नाही. कुठली पलटण, कधी चढली, कधी उतरणार हे शत्रूला तुझ्या कौतुकातून कळायला नको. कुणी विचारलंच तर 'ड्युटीवर आहेत' म्हणावं आणि विषय बदलावा.

बी.एड.चा फॉर्म तू 'ते आल्यावर बघू' म्हणून ठेवलायस, असं तुझी आई म्हणाली. कशाला? ते आले की दोन महिने सुट्टी, त्यात निम्मे दिवस लग्नं, जत्रा आणि तलाठ्याच्या दारात जाणार. मग पुन्हा वर नाहीतर आणखी कुठं. नोकरी अजून बारा-पंधरा वर्षं आहे. दर वेळी 'आल्यावर बघू' म्हणत राहिलीस तर पेन्शनीपर्यंत बघतच राहशील. फॉर्म आता भर. त्यांना विचारायचंच असलं तर कुठलं कॉलेज घेऊ, एवढंच विचार.

मंगळवारी मी बाजाराला येतेय. एस.टी. स्टँडसमोरच्या बँकेत भेट, खातं दोघांच्या नावावर करायचं राहिलंय ते उरकून टाकू. आधार, पॅन आणि दोन फोटो आण. जावईबापूंची सही लागेल तो कागद मी आधीच घेऊन ठेवलाय, तो पोस्टानं पाठवू.

विहीणबाईंना नमस्कार सांग. त्यांच्या हातचं मेतकूट वर पाठवायचं असलं तर प्लास्टिकच्या बरणीत भरा, काच नको.

तुझी,
मावशी