रब्बी कांदा: दिवस वाढण्याआधी पात वाढवा

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो २२ डिसेंबरनंतरच वाढू लागलेला असतो. नाशिकला तेव्हा दिवस १० तास ५५ मिनिटांचा असतो आणि संक्रांतीपर्यंत त्यात सातेक मिनिटांची भर पडते. ती जाणवत नाही, कारण सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. वाढ सगळी संध्याकाळकडे जाते. नंतर मात्र वेग येतो. फेब्रुवारीच्या मध्याला दिवस साडेअकरा तासांचा होतो आणि मार्चअखेर सव्वाबारा तासांच्या पुढे जातो. रब्बी कांदा मोठा होणार की गोलटीवर थांबणार, हे याच काळात ठरते.

कांद्याला पोसायला लागण्याचा इशारा वाढत्या दिवसाकडून मिळतो आणि वाढते तापमान त्याला जोर देते. हा इशारा मिळाला की नवी पात येणे मंदावते आणि तयार झालेले अन्न खाली गड्ड्यात साठू लागते. म्हणून त्या वेळी रोपावर जितकी पात असेल, तितकाच माल पोसायला बळ मिळते. डिसेंबरात लागण झालेले रोप थंडीत मुळे धरते, पात फोडते आणि मार्चमध्ये पोसायला सज्ज असते. फेब्रुवारीत लावलेल्या रोपाला तो अवधीच मिळत नाही. पात चार-पाचच असताना मानेखाली गड्डा फुगू लागतो. शेतकरी मग खत कमी पडले म्हणून युरिया टाकतो. त्याने कांदा मोठा होत नाही, मान जाड राहते आणि असा माल चाळीत आधी सडतो.

यंदा लागण करताना म्हणून इतके पाळा. रोप ५० ते ५५ दिवसांचे घ्या. डिसेंबर ते जानेवारीचा पहिला आठवडा ही लागणीची खरी वेळ. परतीच्या पावसाने रोपवाटिका गेली आणि दुसऱ्यांदा बी टाकावे लागले, तर सगळे क्षेत्र उशिरा कांद्याखाली घालण्याचा हट्ट नको. रोप पुरेल तेवढीच लागण करा, उरलेल्या रानात दुसरे पीक घ्या. नत्राचे हप्ते लागणीनंतर ४५ दिवसांच्या आत संपवा. घाई करून फार आधी, ऑक्टोबरातच रब्बीचे वाण लावणेही बरे नाही. मोठे झालेले रोप कडाक्याच्या थंडीत सापडले की डेंगळे येतात.

आता बियाण्याचे. कांद्याचे सगळे वाण एकाच लांबीच्या दिवसाला पोसत नाहीत. एन-२-४-१, भीमा शक्ती, भीमा किरण यांसारख्या आपल्या वाणांना बारा तासांच्या आसपासचा दिवस पुरतो. थंड प्रदेशातल्या वाणांना चौदा तास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो. श्रीनगरला जूनमध्ये दिवस जवळपास साडेचौदा तासांचा होतो, हॉलंडमध्ये पावणेसतरा तासांचा. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवस नागपूरला १३ तास २५ मिनिटे, कोल्हापूरला १३ तास ७ मिनिटे. म्हणजे थंड प्रदेशातले ते बी इथे कितीही जपले तरी पात देईल, कांदा देणार नाही. पाकिटावरचे चित्र बघून बी घेणाऱ्यांनी एवढे तरी विचारावे की हे वाण लहान दिवसाचे की मोठ्या दिवसाचे.

कांदा दिवस मोठा झाल्यावर पोसतो, तर सोयाबीन आणि तूर दिवस लहान होण्याची वाट बघतात. जूनमध्ये पेरलेली तूर माणसाच्या डोक्यावर जाते. तीच सप्टेंबरात पेरली तर खुजी राहून लवकर फुलते, म्हणून उशिराच्या पेऱ्यात ओळीतले अंतर कमी करावे लागते. कोकणातला वाल भातानंतर घेतात, त्यातही ओलीबरोबर लहान दिवसाचा हात आहे. पारंपरिक पावटा जूनमध्ये लावला तर वेल मांडवभर पसरतो, शेंग मात्र थंडीतच धरते. बारमाही शेंग हवी असेल तर दिवसाच्या लांबीला न जुमानणारे वाण निवडावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे ‘कोकण भूषण’ त्यातले.

दिवसाच्या लांबीचा हा परिणाम पाहायचा असेल तर रस्त्याच्या दिव्याखालचे सोयाबीन बघा. बाकी रान पिवळे पडून काढणीला आलेले असते, आणि खांबाजवळचा पट्टा हिरवागार, शेंगा मोजक्याच. पीक मोजते ते अंधाराचे तास; मध्येच उजेड पडला की त्याची रात्र तुटते. शेवंतीवाले आणि ड्रॅगन फ्रूटवाले रात्री शेतात बल्ब लावतात ते यासाठीच. दिव्याने शेवंतीची कळी लांबवता येते, ड्रॅगन फ्रूटला मात्र हंगामाबाहेर कळी आणता येते. दोघांचे उद्देश अगदी उलटे, त्यामुळे शेजाऱ्याने लावले म्हणून आपणही बल्ब लावू नयेत. बांधावर दिव्याचा खांब येणार असेल तर त्याचा झोत पिकावर पडणार नाही अशी आडोशाची टोपी बसवून घ्या.

पाऊस कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही, दिवसाची लांबी मात्र दरवर्षी तारखेवार तीच असते. तेव्हा रब्बी कांद्याच्या रोपवाटिकेची तारीख लागणीच्या तारखेपासून मागे मोजून आताच ठरवा, आणि जानेवारीचा पहिला आठवडा उलटल्यावर नवे क्षेत्र लावू नका.