वाढलेला रक्तदाब आणि ज्येष्ठांचे चालणे

वरवट बकाल परिसरात ज्येष्ठ मंडळींपुढे व्यायामाचा विषय काढला की बहुधा एकच उत्तर मिळते : "जन्मभर वावरात राबलो, आता व्यायाम कशाला ?" उत्तर खोटे नाही. परंतु राबणे थांबले की त्याचा लाभही थांबतो. शेत मुलांच्या हाती जाते, दिवस ओट्यावर जातो. वयाने रक्तवाहिन्या ताठर होतातच, बसून राहण्याने त्यात भर पडते.

पुन्हा पुन्हा मोजूनही रक्तदाब 140/90 किंवा त्याहून अधिक भरला, तर तो उच्च समजावा. डोके दुखत नाही म्हणून रक्तदाब नाही, हा गैरसमज आहे. येथील ग्रामीण रुग्णालयात जाऊन तो मोजून घ्यावा.

आपला संग्रामपूर तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. मूत्रपिंडाच्या आजाराने येथील अनेक घरे होरपळली आहेत. वाढलेला रक्तदाब मूत्रपिंड बिघडवतो आणि बिघडलेले मूत्रपिंड रक्तदाब आणखी वाढवते. म्हणून येथे हयगय परवडत नाही. दिवसाचे मीठ 5 ग्रॅमच्या आत असावे. ठेचा, पापड, लोणच्यातले मीठही त्यातच धरावे.

चालण्याची सुरुवात 10 मिनिटांनी करावी. हळूहळू 30 मिनिटांपर्यंत, आठवड्यातून पाच दिवस. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढाच वेग. पहिली व शेवटची पाच मिनिटे सावकाश. नियमित चालण्याने वरचा आकडा साधारण 5 ते 8 ने उतरू शकतो. ऐकायला थोडे वाटते, पण तेवढ्यानेही लकव्याचा धोका कमी होतो. उन्हाळ्यात पहाटे निघावे, थंडीत ऊन वर आल्यावर. पावसाळ्यात काळ्या मातीत घसरून हाड मोडण्यापेक्षा घरातच खुर्चीला धरून जागच्या जागी पावले उचलावीत. आमच्या भगिनी म्हणतात, घरकाम होतेच की ! होते, पण ते तुटक तुटक होते, सलग अर्धा तास नव्हे.

गुडघे दुखतात म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज खाणे मात्र घातक. अशा पुष्कळ गोळ्या रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडालाही इजा करतात. गुडघा दुखला तर चालणे कमी करावे व डॉक्टरांना दाखवावे.

रक्तदाब 180/110 च्या वर असेल तर आधी डॉक्टर, मग चालणे. छातीत दुखले, धाप लागली, चक्कर आली, तर तेथेच थांबावे व दवाखाना गाठावा. चालणे सुरू केले म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करू नये. ती कमी करायची की नाही, हे पुढच्या तपासणीत आकडा पाहून डॉक्टर ठरवतील.