चालू संगणकातील माहितीची विश्वासार्ह प्रत

ग्रामपंचायतीचा लिपिक दप्तर लिहीत असतानाच दुसऱ्याने त्याची नक्कल उतरवावयास घेतली, अशी कल्पना करा. खतावणीची नक्कल अकरा वाजता झाली, रोजकीर्दीची बारा वाजता. आणि मधल्या तासात घरपट्टीची एक रक्कम जमा झाली. नकलेतील प्रत्येक अक्षर खरे असूनही तिच्यातील दोन वह्यांचा मेळ बसणार नाही. चालू संगणकातील फाइलींची प्रत, म्हणजेच बॅकअप, घेताना नेमकी हीच अडचण उद्भवते. शिवाय नव्या नोंदी काही काळ मेमरीतच राहून मागाहून डिस्कवर उतरतात. युनिक्सवरील ‘डंप’ हे जुने साधन फाइल प्रणालीला वळसा घालून थेट डिस्कच वाचते. त्यामुळे चालू यंत्रावर त्याच्या हाती अर्धवट मजकूर लागण्याचा धोका असतो.

काम थांबवून प्रत घेणे, हा सर्वांत निर्धोक मार्ग होय. परंतु रुग्णालय किंवा बँक यांचे संगणक असे थांबविता येत नाहीत. अशा ठिकाणी ‘स्नॅपशॉट’ची योजना उपयोगी पडते. लिनक्समधील एलव्हीएम व विंडोजमधील व्हॉल्यूम शॅडो कॉपी यांत ती आहे. एका ठरावीक क्षणी डिस्कची स्थिती गोठविली जाते. त्या क्षणी सर्व मजकुराची नक्कल होत नाही. पुढे एखाद्या भागावर नवे लिहिण्याची वेळ आली, की तेथील जुना मजकूर आधी राखीव जागेत हलविला जातो. काम अखंड चालू राहते आणि प्रत मात्र त्या एकाच क्षणाची मिळते. एलव्हीएमच्या नेहमीच्या पद्धतीत ही राखीव जागा भरून गेली, तर स्नॅपशॉट निरुपयोगी ठरतो. म्हणून तो घेताच त्यावरून दुसऱ्या डिस्कवर प्रत उतरवून घ्यावी. मूळ डिस्कच बिघडली तर तिच्यावरील स्नॅपशॉटही तिच्याबरोबर जातो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आणखी एक दक्षता आवश्यक आहे. त्या क्षणी अचानक वीज गेली असती तर डिस्कवर जे राहिले असते, तेवढेच स्नॅपशॉटमध्ये येते. म्हणून डेटाबेसला हातातील नोंदी डिस्कवर उतरविण्यास सांगून क्षणभर लेखन रोखावे व मगच स्नॅपशॉट घ्यावा.

या संदर्भात गिटलॅब या कंपनीचा अनुभव उद्बोधक आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेसच्या फाइली पुसल्या गेल्या. नित्याची प्रत घेणारी आज्ञा डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने निष्फळ ठरत होती. तसे कळविणारे ई-मेलही नाकारले जात होते, त्यामुळे कोणास पत्ता नव्हता. सुमारे ६ तास आधी एका अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी एलव्हीएम स्नॅपशॉट घेतला होता. त्यावरून डेटाबेस पुन्हा उभा राहिला, परंतु मधल्या तासांतील नोंदी गेल्या त्या गेल्याच.

प्रत घेतल्याची नोंद फाइलीवर असणे निराळे आणि प्रतीवरून दप्तर पुन्हा उभे राहणे निराळे. कार्यालयाने ठरावीक काळाने एखादी प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवावी, डेटाबेस सुरू करावा आणि शेवटच्या नोंदीचा दिनांक व एकूण जमा-खर्च मूळ दप्तराशी ताडून पाहावा. दोन प्रतींमधील अंतर किती ठेवावे, हे किती तासांच्या नोंदी कागदांवरून पुन्हा भरता येतील यावर ठरवावे.